नडगीचं हाड कापताना अंश कुठे गळतो

गुडघ्याला बाक आला की वजन सांध्याच्या आतल्या कप्प्यावर पडत राहतं. तिथली कूर्चा झिजते आणि झीज वाढली की बाकही वाढतो. सरळ पायातसुद्धा चालताना साधारण 60 ते 70 टक्के भार आतल्याच बाजूला असतो, बाक आल्यावर विचारायलाच नको. हा भार बाहेरच्या कप्प्याकडे वळवायचा तर सांध्याच्या जरा खाली नडगीचं हाड आतल्या बाजूने कापायचं, चीर पाचरीसारखी उघडायची आणि प्लेट-स्क्रूने तिथेच पक्की करायची. हीच हाय टिबिअल ऑस्टिओटॉमी, ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या भाषेत एचटीओ.

हाड कापणं हा त्यातला सोपा भाग. ठरवलेल्या अंशावर थांबणं कठीण. साडेआठ अंश ठरवावेत आणि हाती सात यावेत किंवा अकरा यावेत, हे नियमित एचटीओ करणाऱ्या प्रत्येक सर्जनच्या नोंदीत सापडतं. करवत हातात येण्याआधीच निम्मी चूक घडलेली असते, असं आमचं मत आहे. उरलेली बहुतेक हाड उघडताना घडते. दोन्ही ठिकाणांबद्दल क्रमाने लिहितो, पण सगळ्या पायऱ्यांवर सारखा वेळ घालवणार नाही.

आधी एका अंशाची किंमत. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेघ ओढली की ती गुडघ्यातून कुठून जाते ते पाहतात. ही मिकुलिझ रेषा. नडगीच्या वरच्या सपाटीची आतली कड 0 आणि बाहेरची कड 100 धरून रेषेची जागा टक्क्यांत सांगतात. सरळ पायात ती मध्याच्या किंचित आतून जाते, बाक असलेल्या पायात 20, 10, कधी सपाटीच्याही बाहेरून. नडगी एका अंशाने वळवली तर घोटा सहा-साडेसहा मिमी बाहेर जातो, आणि खुबा जागेवर असल्याने रेषा गुडघ्यापाशी त्याच्या साधारण निम्मी, म्हणजे तीन-सव्वातीन मिमी सरकते. सपाटी 75 मिमी रुंद असेल तर हे चार-साडेचार टक्के झाले. दोन अंश चुकले तर 60 टक्क्यांचा नेम 51-52 वर येतो किंवा 68-69 वर जातो. पहिल्या चुकीत दुखणं पुरतं जात नाही. दुसऱ्या चुकीत बाहेरचा कप्पा झिजायला लागतो आणि पेशंट तक्रार करतो की गुडघे एकमेकांना घासतात.

नेम कुठे धरायचा याचा पाया जपानच्या फुजिसावा आणि सहकाऱ्यांच्या 1979 च्या कामात आहे. त्यांनी शस्त्रक्रियेनंतर 54 गुडघ्यांत दुर्बीण घालून आतली कूर्चा पाहिली. त्यावरून पुढे 62 टक्क्यांचा बिंदू रूढ झाला आणि बरीच वर्षं तो आंधळेपणाने वापरला गेला. आता झीज पाहून नेम बदलतो. आतली कूर्चा बऱ्यापैकी शिल्लक असेल तर 50 ते 55, हाडाला हाड लागलं असेल तर 60 ते 62. याच्या पुढे जायचं कारण आम्हाला सहसा दिसत नाही.

पेशंटची निवड थोडक्यात. झीज आतल्या कप्प्यापुरती हवी, वय साधारण साठ-पासष्टच्या आत, गुडघा किमान शंभर अंश वाकणारा, सरळ करताना दहा-पंधरा अंशांपेक्षा जास्त अडणारा नको. संधिवाताचा, म्हणजे रूमेटॉइडचा गुडघा नको. तंबाखू-सिगारेट सुटत नसेल तर हाड जुळण्याची खात्री देऊ नये. शेतात उकिडवं बसणारा, मांडी घालून जेवणारा पन्नाशीचा माणूस ‘वाटी बदलायला’ येतो आणि त्याचा बाहेरचा कप्पा कोरा असतो, तेव्हा ही शस्त्रक्रिया त्याच्यासमोर ठेवलीच पाहिजे. स्वतःचा सांधा शाबूत राहतो आणि आधी जेवढा वाकत होता तेवढा बहुधा वाकत राहतो.

निवडीतला एक मुद्दा मात्र अचूकतेशी थेट जोडलेला आहे. बाक नेमका कुठल्या हाडात आहे? नडगीच्या सपाटीचा तिच्या अक्षाशी आतल्या बाजूला होणारा कोन, एमपीटीए, साधारण 87 अंश असतो. 85 ते 90 ठीक मानतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा कोन, एलडीएफए, हाही 87 च्या आसपास. एमपीटीए 82 असेल तर बाक नडगीत आहे, तिथे कापणं योग्य. एमपीटीए 87 आणि एलडीएफए 92 असेल तर बाक मांडीच्या हाडात आहे. तरीही नडगी कापली तर मिकुलिझ रेषा नेमावर येईल, एक्स-रे पाहून सगळे खूश होतील, पण सांध्याची सपाटी तिरकी होईल. एमपीटीए 95 च्या पुढे गेला की मांडीचं हाड उतारावरून घसरल्यासारखं बाहेर रेटलं जातं. म्हणून प्लॅनमध्ये नवा एमपीटीए 93-94 च्या वर जात असेल तर मांडीचं हाडही कापायचा विचार करतो. दोन हाडं, दोन प्लेटा, शस्त्रक्रिया मोठी, पण सांधा आडवा राहतो.

आता एक्स-रे. उभ्याने, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एकच लांब फोटो: स्कॅनोग्राम. तंत्रज्ञाला सवय असते पावलं जुळवायची. पावलं समोर आणि गुडघे कुठेही, असा फोटो येतो. आम्हाला गुडघ्याची वाटी समोर हवी, पावलं मग कशीही असोत. फोटो हातात आल्यावर वाटी मांडीच्या हाडाच्या मधोमध आहे का आणि फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं नडगीने साधारण एक तृतीयांश झाकलंय का, ते पाहायचं. डोकं पूर्ण उघडं किंवा पूर्ण झाकलेलं असेल तर पाय फिरलेला आहे, फोटो परत. गुडघा जरा वाकलेला आणि पाय बाहेर फिरलेला असा फोटो सर्वांत फसवा. नसलेला बाक दिसतो आणि असलेला दुप्पट वाटतो. ज्याचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, त्याच्या बाबतीत ही चूक हमखास होते.

गुडघ्याशेजारी, हाडाच्या पातळीवर, 25 मिमीचा धातूचा गोळा चिकटवायचा. फोटो मोठा येतो आणि किती मोठा ते गोळ्यावरून कळतं. कोनाला मॅग्निफिकेशन बाधत नाही, मिलिमीटरला बाधतं. गोळा 28 मिमीचा दिसला तर सगळी मापं 12 टक्क्यांनी फुगलेली आहेत. गोळा मांडीच्या पुढे किंवा टेबलावर ठेवला तर त्याचा उपयोग शून्य.

प्लॅनिंगला आम्ही मिनिआचीची पद्धत वापरतो, 1989 ची. खुब्याच्या मध्यापासून नेमाच्या बिंदूतून रेघ खाली न्यायची, ती नव्या घोट्याच्या जागेपर्यंत. मग हिंजचा बिंदू धरायचा, म्हणजे हाड जिथे न कापता ठेवायचं ती बाहेरची जागा. तिथून जुन्या घोट्याकडे एक रेघ, नव्या घोट्याकडे दुसरी. दोन रेघांमधला कोन म्हणजे करेक्शन.

या कोनातून एक वजाबाकी करायची असते आणि ती विसरली की पेशंट गरजेपेक्षा जास्त सरळ होतो. उभ्या फोटोत दिसणारा बाक सगळा हाडाचा नसतो. बाहेरचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) सैल पडल्याने सांधाच बाहेरून उघडलेला असतो. मांडीच्या आणि नडगीच्या सपाट्यांमधला कोन, जेएलसीए, एरवी 0 ते 2 अंश. तो 5 असेल तर जादाचे 3 अंश सांध्याचे आहेत. हाड सरळ करून भार बाहेर नेला की यातला काही भाग आपोआप मिटतो. म्हणून जेएलसीएमधून 2 वजा करून त्याचं निम्मं करेक्शनमधून काढून टाकतो. सगळं नको, निम्मं. कारण सैलपणा पूर्ण जातोच असं नाही.

एक हिशेब पूर्ण मांडतो. मिनिआचीचा कोन आला 10 अंश, जेएलसीए 5. पाच वजा दोन तीन, त्याचं निम्मं दीड. करेक्शन साडेआठ अंश. कापाची लांबी, आतल्या कडेपासून हिंजपर्यंत, 64 मिमी. ओटीत अजूनही ऐकू येणारा नियम: एक मिलिमीटर म्हणजे एक अंश. या नियमाने गॅप साडेआठ मिमी. पण तो नियम 57 मिमी लांबीच्या कापालाच बरोबर आहे. अंशामागे खरे मिमी काढायला लांबीला 0.0175 ने गुणावं लागतं. 64 मिमीला एका अंशाला 1.12 मिमी, साडेआठ अंशांना साडेनऊ मिमी. दणकट पुरुषाचा काप 75 मिमी असला तर 10 अंशांना 13 मिमी लागतात. नियमाने 10 च उघडले तर अडीच अंश जागेवरच गेले.

अजून एक मिमी करवतीच्या पात्याचा. पातं साधारण एक मिमी हाड खातं. म्हणजे पाचर उघडण्याआधीच चीर एक मिमीची आहे. आतली गॅप साडेनऊ मोजली तर खरं उघडणं साडेआठच झालं. आपल्या हिशेबात मोजपट्टीवर साडेदहा दिसायला हवेत. नियम आणि पातं दोन्ही विसरलं तर साडेआठ मिमीवर थांबणं होतं, खरं उघडणं साडेसात, कोन पावणेसात अंश. पावणेदोन अंश, म्हणजे रेषेचे आठ टक्के, कुणाच्या हाताची चूक नसताना गळाले. उलट गोळा न लावलेल्या, 12 टक्के फुगलेल्या फोटोवर कापाची लांबी 64 ऐवजी 72 मोजली गेली तर गॅप साडेदहाच्या वर निघते आणि एक अंश जादा उघडला जातो. दोन चुका एकमेकींना छेद देऊन निकाल छान येतो असंही घडतं, आणि मग तोच चुकीचा हिशेब पुढच्या दहा पेशंटना लावला जातो.

ओटीत पेशंट उताणा, टेबल एक्स-रे आरपार जाणारं, सी-आर्म (ओटीतलं फिरतं एक्स-रे यंत्र) पलीकडच्या बाजूने. कापड टाकायच्या आधी खुबा, गुडघा, घोटा तिन्ही सी-आर्ममध्ये नीट दिसतात का ते बघून घ्यायचं. खुब्याच्या मध्यावर त्वचेवर ईसीजीचं इलेक्ट्रोड चिकटवलं की नंतर कापडाखाली चाचपडावं लागत नाही. त्वचेवरची चीर सहा ते आठ सेंमी, सांध्याच्या जरा खालून, नडगीचा उंचवटा (वाटीकडून येणारा स्नायुबंध जिथे चिकटतो तो) आणि हाडाची मागची कड यांच्या मध्यावर. पेसचे (मांडीतून येऊन इथे चिकटणारे) स्नायुबंध बाजूला, आतल्या लिगामेंटचे वरवरचे धागे खालून सुटे करायचे. हे सुटे नीट केले नाहीत तर हाड उघडल्यावर तेच लिगामेंट आतला कप्पा दाबत राहतं. ज्या भारासाठी शस्त्रक्रिया, तो तिथेच अडकतो. मग हाडाच्या मागे बोथट रिट्रॅक्टर सरकवायचा, हाडाला चिकटून. त्यामागे पॉप्लिटिअल धमनी आहे. गुडघा वाकवून काम केलं की ती थोडी मागे जाते, पण वाकवण्यावर विसंबू नये, रिट्रॅक्टरवर विसंबावं.

कापाची दिशा दाखवायला दोन वायरी, अडीच मिमीच्या. सुरुवात सांध्याच्या साडेतीन-चार सेंमी खाली, पेसच्या वरच्या कडेवर. दिशा फिब्युलाच्या डोक्याच्या टोकाकडे. पुढची-मागची अशा दोन वायरी सी-आर्मखाली एकावर एक येऊन एकच रेघ दिसली पाहिजे. दोन दिसल्या तर काप सांध्याच्या उताराला (सपाटी पुढून मागे थोडी उतरती असते, त्याला) समांतर नाही, आणि उघडताना उतार बदलणार. एक वायर काढून परत घालायला दोन मिनिटं लागतात आणि ती द्यावीतच. वायरी बाहेरच्या कॉर्टेक्सला, म्हणजे हाडाच्या कडक कवचाला, टेकल्या की त्याच लांबीची तिसरी वायर शेजारी धरून आत गेलेली लांबी मोजायची. समजा 72. हिंजला 8 मिमी सोडायचे, करवत 64 वर थांबणार. पात्यावर तिथे खूण. मागची वायर आणि पुढची वायर यांची मापं वेगळी येतात, दोन्ही लिहून ठेवायची.

करवत वायरींच्या खालून चालते. वायरी वर असल्या की पातं सांध्याकडे चढू शकत नाही. पाणी सतत हवं. सुकं पातं हाड जाळतं, आणि जळलेलं हाड उशिरा भरतं. आधी मागचा दोन तृतीयांश भाग आडवा कापायचा. मागच्या कॉर्टेक्सला पातं लागलं की आवाज बदलतो, तो ओळखायला शिकावं लागतं. मग पुढे, उंचवट्याच्या मागून, 110 ते 130 अंशांच्या कोनात वर जाणारा दुसरा काप. उंचवट्याची जाडी किमान 15 मिमी ठेवायची, पातळ ठेवली तर तो तुटतो. या दुसऱ्या कापामुळे हाड फिरण्याला अटकाव होतो आणि पुढे हाडाला हाड लागून राहतं. उंचवटा खालच्या तुकड्याबरोबर राहतो म्हणून वाटी थोडी खाली येते. मोठं करेक्शन असेल आणि वाटी आधीच खाली असेल तर हा काप खालच्या दिशेने घेतात.

आता हाड उघडण्याचा टप्पा. पहिली छिन्नी चिरेत हिंजपर्यंत, दुसरी तिच्या आणि खालच्या हाडाच्या मध्ये, तिसरी त्या दोघींच्या मध्ये. दर छिन्नीनंतर थांबायचं. पाच-सात मिनिटं लागली तर लागू द्यावीत. ओली फांदी हळू वाकवली तर वाकते, झटक्यात मोडते, तसंच या आठ मिमी हाडाचं आहे. ‘कट्’ आवाज आला आणि गॅप एकदम सैल झाली तर हिंज गेली, सी-आर्म आणा. ताकेउची यांनी 2012 मध्ये याचे तीन प्रकार केले. पहिला, चीर फिब्युलाच्या सांध्याच्या पातळीत बाहेर गेली: लॉकिंग प्लेटवर (जिच्यात स्क्रू प्लेटलाच पक्के बसतात) सहसा भागतं. दुसरा, चीर त्या सांध्याच्या खाली उतरली: सगळ्यांत डळमळीत, बाहेरून स्टेपल किंवा छोटी प्लेट आणि वजन उशिरा. तिसरा, चीर वर सांध्यात शिरली: स्क्रूने सांधा आधी बांधायचा. कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, काप पुरेसा खोल गेला नाही, जाड हिंज वाकायला तयार नव्हती. दोन, मागचं कॉर्टेक्स तुटलंच नव्हतं आणि जोर लावला गेला. हिंजमधून पुढून मागे एक संरक्षक वायर घातली की चीर पुढे पळण्याची शक्यता कमी होते, आता बरेच जण ती घालतात.

मागचं कॉर्टेक्स न तुटण्याचा दुसरा परिणाम हिंजपेक्षाही जास्त छळतो. धमनीच्या धास्तीने सर्जन मागे बाहेरच्या कोपऱ्यात पातं नेत नाही. मग हिंज बाहेर न राहता मागे-बाहेर राहते, आणि हाड बाजूने उघडण्याऐवजी पुढून उघडतं. समोरच्या फोटोत कोन बरोबर, रेषा बरोबर, सगळे समाधानी. बाजूच्या फोटोत नडगीचा मागचा उतार चार-पाच अंशांनी वाढलेला. उतार वाढला की नडगी पुढे सरकते, एसीएलवर (नडगीला पुढे सरकू न देणाऱ्या लिगामेंटवर) ताण येतो, गुडघा शेवटचे काही अंश सरळ होत नाही. ज्याचा एसीएल आधीच तुटलेला आहे, त्याच्यात तर हे उघड नुकसान.

नडगीची आतली बाजू समोर सपाट नसते, ती तिरकी मागे जाते. त्यामुळे उतार कायम ठेवायचा तर गॅप पुढे आणि मागे सारखी असताच कामा नये. नॉइस यांचा 2005 चा हिशेब सोपा आहे: उंचवट्याशेजारची गॅप मागच्या-आतल्या गॅपच्या निम्मी. मागे खरं उघडणं साडेनऊ तर पुढे पावणेपाच. पुढची गॅप एक मिमीने जास्त झाली तर उतार साधारण दोन अंशांनी वाढतो. म्हणजे मोजपट्टी दोन ठिकाणी लावायची. आम्ही पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ती मागे एकदाच लागते.

पुढची गॅप जास्त निघाली तर काय करायचं? आधी छिन्नी घालून मागचं कॉर्टेक्स तुटलंय का ते पाहायचं, बहुतेकदा उत्तर तिथेच असतं. स्प्रेडर मागच्या कडेला लावायचा, पुढे नाही. आणि प्लेट बसवताना टाचेखाली उशी देऊन गुडघा पूर्ण सरळ ठेवायचा. पुढची गॅप स्वतःहून मिटते. एवढ्या साध्या उशीने जे होतं, ते महागड्या उपकरणांनी होत नाही.

करेक्शन बरोबर आलं का, हे टेबलावर पाहायची पद्धत म्हणजे डायथर्मीची (रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची) केबल किंवा लांब सरळ सळई. एक टोक खुब्याच्या मध्यावर, दुसरं घोट्याच्या मध्यावर, आणि गुडघ्यापाशी सी-आर्ममध्ये ती कुठून जाते ते बघायचं. केबल त्वचेवर असते, सांध्याच्या पाच-सहा सेंमी पुढे. सी-आर्मचा किरण पाच अंश तिरका असला तर सावली पाच मिमी सरकते, म्हणजे सात टक्के. म्हणून प्रत्येक सांधा पडद्याच्या अगदी मधोमध घ्यायचा आणि वाटी समोर ठेवायची. ढिली केबल वळते, सळई बरी. पावलावर तळहाताने दाब द्यायचा, म्हणजे उभं राहिल्याची थोडी नक्कल होते. तरीही पेशंट झोपलेला आहे, स्नायू ढिले आहेत, लिगामेंट आहेत तशी उघडी आहेत. केबलने 58 टक्के दाखवलं आणि गॅपचा हिशेब 60 सांगत होता, तर आम्ही हाड परत हलवत नाही. फरक दहा-बारा टक्क्यांचा असेल तर आधी सी-आर्मचा कोन तपासतो, मग मोजपट्टी, मग हाड. याच क्रमाने.

प्लेट लॉकिंगची. लोबेनहोफर आणि स्टाउब्ली यांनी या शतकाच्या सुरुवातीला जी टी-आकाराची प्लेट रूढ केली, तिच्या धर्तीवरच्या प्लेटा आता भारतातही बनतात. 1960 च्या दशकात मेयो क्लिनिकमध्ये कोव्हेंट्री बाहेरून पाचर काढून स्टेपल मारत, तेव्हा फिब्युला आणि तिच्या मानेशी असलेली नस सांभाळावी लागे. आतून उघडण्याची पद्धत मागे पडली होती ती गॅप धरून ठेवणारं काही नव्हतं म्हणून. कोन धरणारे स्क्रू आले आणि ती अडचण सुटली. प्लेटचा वरचा भाग आधी, सांध्याला समांतर स्क्रूंनी. मग खाली पहिल्या भोकात एक साधा स्क्रू तात्पुरता, हिंज दाबून घ्यायला. हा स्क्रू जास्त आवळला की गॅप अर्धा-एक मिमी बदलते. म्हणून तो आवळण्याआधी गॅपमध्ये मापाचा ठोकळा ठेवायचा आणि आवळल्यावर परत मोजायचं. मग खालचे लॉकिंग स्क्रू, शेवटी तात्पुरता काढून त्याच्या जागीही लॉकिंग. गॅप 10-12 मिमीपर्यंत असेल तर काही भरायची गरज सहसा पडत नाही. त्यापुढे, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत, हाडाची पाचर भरावी.

नॅव्हिगेशन (संगणकाने हाडाचा कोन दाखवणं) आणि थ्री-डी छापलेले गाइड यांच्याबद्दल सारखं विचारलं जातं. गाइडसाठी खुबा, गुडघा, घोटा यांचं सीटी करतात. त्यावरून पेशंटच्या हाडावर बसणारा प्लास्टिकचा साचा छापला जातो, त्यात करवतीची फट आणि प्लेटच्या स्क्रूंची भोकं आधीच ठरलेली. कापून उघडलं की प्लेटची भोकं हाडातल्या भोकांशी जुळतात, तेव्हा करेक्शन झालं. हाडाचा कोन आणि उतार यांत याने खरंच फायदा होतो. नवीन सर्जनला जास्त होतो. पण साच्याखाली मऊ ऊती राहिली तर तो दोन मिमी वर बसतो आणि सगळी मापं सरकतात. आणि साच्याला जेएलसीए कळत नाही. वजाबाकी प्लॅनमध्ये केली नसेल तर गाइड चुकीचा नेम अगदी अचूक गाठतं. रोज एचटीओ न करणाऱ्या ठिकाणी आम्ही पैसे आधी चांगल्या स्कॅनोग्रामवर आणि मोजायच्या ठोकळ्यांवर खर्च करू.

शस्त्रक्रियेच्या रात्री पोटरीवर लक्ष. दुखणं औषधाला दाद देत नसेल आणि बोटं ताणल्यावर कळ येत असेल तर थांबायचं नाही, कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्त अडणं) धरून चालायचं. दुसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवणं. वॉकर किंवा कुबड्यांवर 15-20 किलो भार. हे वजन पेशंटला सांगून समजत नाही, घरातल्या वजनकाट्यावर पाय दाबून बघायला लावावं. हिंज शाबूत असेल तर सहा आठवड्यांत पूर्ण वजन, दुसऱ्या प्रकारची हिंज गेली असेल तर त्याहून उशिरा. मांडी घालायला तीन महिने थांबा म्हणतो, बरेच जण आधीच घालून मोकळे होतात.

तीन महिन्यांनी पुन्हा उभ्याने स्कॅनोग्राम, पहिल्यासारखाच, वाटी समोर, गोळा लावून. यावर दोन आकडे वेगवेगळे पाहायचे. एमपीटीए ठरवल्याप्रमाणे आला पण रेषा नेमावरून पुढे गेली, तर हाड बरोबर कापलं होतं, जेएलसीएचा अंदाज चुकला. एमपीटीएच कमी आला, तर गॅप कमी उघडली किंवा प्लेट आवळताना मिटली. ओटीतल्या शेवटच्या फोटोत एमपीटीए बरोबर होता आणि आता कमी आहे, तर हाड नंतर खचलं. हिंज आणि स्क्रू बघा. बाजूच्या फोटोवर उतार आधीच्या उताराशी ताडून बघा. एमपीटीए दोन अंशांच्या आत आणि रेषा पाच टक्क्यांच्या आत असेल तर काम चांगलं झालं म्हणायचं. प्रत्येक पेशंटची ठरवलेली आणि मिळालेली मापं एका वहीत शेजारी-शेजारी लिहिली की काही काळाने आपला कल दिसतो. कुणी कायम एक अंश कमी उघडतो, कुणाचा उतार कायम वाढतो.

प्लेट नडगीच्या आतल्या बाजूला त्वचेखालीच असते, बारीक माणसाला ती हाताला लागते, मांडी घालताना टोचते. हाड पूर्ण भरल्यावर, साधारण 12 ते 18 महिन्यांनी ती काढता येते. काढण्याआधी गॅप मागच्या बाजूला, कॉर्टेक्सपर्यंत भरली आहे ना ते फोटोत पाहायचं. पुढून भरलेली आणि मागून रिकामी असं दिसलं तर अजून थांबायचं. काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत सहा आठवडे धावणं आणि उड्या बंद, चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून.